वरवरची नक्कल

"ताईंनी मदत केली," असं तो म्हणाला, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बरं, चारचौघांत नाही, भर सभेत म्हणाला. कंपनीतले झाडून सगळे बसलेले, भिंतीवरच्या पडद्यावर थोरलीने रक्त आटवून लिहिलेला प्रोग्रॅम, आणि त्याच्या खाली नाव कुणाचं, तर तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. लिफ्टचं बटण कुणी दाबलं तर ती मदत. जिन्यावरून टेबल वर नेताना कुणी एक पाय धरला तर ती मदत. इथे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं तिचं, आणि वर हा मेहरबानी केल्यासारखा तिच्याकडे बघून मान डोलावतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या, कारण न वाजवून सांगणार कोणाला?

त्याला ती पाठीमागे 'इस्त्री' म्हणायची. शर्टाला चुणी नाही, जिभेलाही चुणी नाही. हळूहळू ते नाव ऑफिसभर झालं होतं, फक्त त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आता तो साहेब झाला होता, तेव्हा पोचण्याची शक्यताही उरली नव्हती.

कंपनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी प्रोग्रॅम बनवायची. कानात घालायचं मशीन दुसरीकडून यायचं; पण कोणता आवाज किती मोठा करायचा, कोणता दाबायचा, हे प्रत्येकाच्या कानाप्रमाणे बसवायचं काम हा प्रोग्रॅम करायचा. थोरलीने तो कंपनीसाठी लिहिलाच नव्हता. आईसाठी लिहिला होता.

आईचे कान हळूहळू गेले. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोनवरची माणसं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला दोघी मुलींचे आवाज वेगळे कळेनात. फोन उचलून पहिलं वाक्य हेच, "कोण? थोरली का धाकटी?" पहिलं मशीन आणलं तर ताटली ठेवली तरी आई दचकायची. तेव्हा थोरलीने लॅपटॉप उघडला आणि दर रविवारी जेवणाच्या टेबलाशी आईच्या समोर बसू लागली. हा आवाज टोचतो का? हा? आणि आता? एक स्वर चिमूटभर वर, दुसरा चिमूटभर खाली. असे कितीतरी रविवार गेले. मग एका संध्याकाळी तिने फोन केला आणि तोंड उघडायच्या आत नुसत्या श्वासाच्या आवाजावर आई म्हणाली, "बोल थोरले." थोरली नळ सोडून बाथरूममध्ये पोटभर रडली.

तोच प्रोग्रॅम पुढे कंपनीने घेतला. आणि नेमकी तेव्हाच धाकटीच्या नवऱ्याची नोकरी गेली.

"ताई, याला जरा शिकव ना गं," धाकटी म्हणाली. "हुशार आहे, फक्त दिशा नाही."

दिशा दिली थोरलीने. त्याच जेवणाच्या टेबलाशी बसवून. त्याला सगळ्यात जास्त छळलं ते एका गोष्टीने. फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एखाद्या कामकरी तुकड्याला, एखादी वस्तू दिली की कधी मूळ वस्तू बदलते, कधी बदलत नाही, हे त्याच्या टाळक्यात काही शिरेना. शेवटी थोरलीने ड्रॉवरमधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्यापुढे टाकला.

"हे बघ. फंक्शनला आपण खोली देत नाही. खोलीच्या किल्लीची जोडकिल्ली देतो. त्याने ती किल्ली टाकून दुसऱ्याच घराची किल्ली हातात घेतली, तर आपल्या खोलीला काही होत नाही. पण त्याच किल्लीने आत जाऊन त्याने पलंग मोडला, तर मोडला तो कुणाचा पलंग?"

"आपला."

"आपलाच. म्हणून देण्याआधी नक्कल करायची. आणि नक्कलही दोन तऱ्हेची. वरवरची म्हणजे किल्ल्या दुसऱ्या कडीत ओवायच्या. जुडगा नवा, खोल्या त्याच. पुरती नक्कल म्हणजे खोल्याही नव्या बांधायच्या, आतल्या पलंगासकट. तिला वेळ लागतो. पण मोडतोड झाली तर तिथे होते, आपल्याकडे नाही."

"जुडगा नवा, खोल्या त्याच," त्याने घोकलं. इतकं घोकलं की पुढे थोरलीच्याच कंपनीत लागून, गोड बोलत साहेब झाल्यावर नव्या लोकांना शिकवताना "मी नेहमी म्हणतो," अशी सुरुवात करून तो हेच वाक्य फेकायचा. एकदा तर थोरलीच्या देखत. तिने दात-ओठ खाल्ले आणि गप्प बसली, कारण समोर धाकटीचा संसार होता.

पण 'मदत' झाल्यावर तिने तो संसारही बाजूला ठेवला. आता फक्त संधी हवी होती.

संधी त्यानेच आणून दिली, तीसुद्धा व्यवस्थित घडी घालून. कंपनीचा नियम असा की कुणीही प्रोग्रॅममध्ये बदल केला तर दुसऱ्याने तपासून होकार दिल्याशिवाय तो आत जात नाही. एके सकाळी त्याचा बदल तिच्याकडे तपासायला आला. चाचणीचं जे फंक्शन होतं, त्याला पेशंटचं सेटिंग देण्याआधी तिने पुरती नक्कल करणारी ओळ लिहिली होती. आवाज वर-खाली करून बघायचं ते त्या नकलेवर, मूळ सेटिंग जागच्या जागी सुखरूप. 'पूर्ववत' बटण दाबलं की मूळ परत. त्या ओळीने पडदा क्षणभर अडकायचा, कारण सेटिंगसोबत आवाजाचे भलेमोठे नमुने असायचे, तेही नकलेत यायचे. इस्त्रीला अडकलेला पडदा खपायचा नाही. त्याने ती ओळ उडवली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "अनावश्यक. वेळ खाते."

थोरली त्या शब्दांकडे बघत राहिली. तिला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

आता चाचणीच्या हातात थेट मूळ सेटिंगची किल्ली जाणार होती. 'पूर्ववत' दाबून परत यायचं ते त्याच मोडलेल्या खोलीत. एकदा दाबून कळणार नाही, फरक चिमटीएवढा. पण पुन्हा पुन्हा दाबलं की आवाज मागच्या आवाजावर चढत जाणार. ऑफिसात सगळे चाचणीसाठी ठेवलेल्या रबरी कानावर एकदा बघायचे आणि प्रोग्रॅम बंद करायचे. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आणि पुढच्या आठवड्यात मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर बघायला येणार होते, तेव्हा हा गडी रबरी कान पुढ्यात घेऊन दहादा बटणं दाबून दाखवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला बटणं दाबून दाखवायला फार आवडायचं.

दाब बाबा, तिच्या मनात आलं. दाब आणि आपट तोंडावर.

तिने लिहिलं, "ठीक आहे," आणि होकार दिला. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. पुढचे सगळे दिवस तिला आतून उकळ्या फुटत होत्या. जिना चढताना ती गुणगुणायची. धाकटीने फोनवर विचारलं, "ताई, हल्ली खुशीत दिसतेस?" ती म्हणाली, "काम मनासारखं चाललंय."

डॉक्टर आले त्या सकाळी थोरली अंमळ लवकरच जाऊन बसली. मोठं टेबल, भिंतीवर पडदा, तिच्यापुढे दुसरा कीबोर्ड. गळ्यात हेडफोन, कारण पेशंटला मशीनमधून काय ऐकू येतंय ते हेडफोनवर ऐकायचं काम तिचं. मदतनीसच ना ती. डॉक्टर तिघं होते. त्यांच्यातल्या मोठ्या बाई चष्म्यावरून बघायच्या आणि फार बोलायच्या नाहीत. थोरलीला त्या बघताक्षणी आवडल्या. अशाच माणसासमोर इस्त्रीचं पितळ उघडं पडायला हवं होतं.

दार उघडलं. तो आत आला तो हसत, आणि त्याच्यामागून धाकटीचा हात धरून आई.

"रबरी कान कोणाला पटणार?" तो डॉक्टरांना म्हणाला. "म्हटलं, खरा माणूस आणावा. या माझ्या सासूबाई. हा प्रोग्रॅम पहिल्यांदा यांच्याच कानांवर तयार झाला."

आईने ठेवणीतली साडी नेसली होती. थोरलीला बघून तिने डोळे मिचकावले, शाळेच्या स्नेहसंमेलनात आलेल्या आईसारखे. "जावई म्हणाले याल का, मी म्हटलं न यायला काय झालं," ती मोठ्याने म्हणाली आणि खुर्चीवर ऐसपैस बसली.

थोरलीची नजर आईच्या कानांवर गेली.

आईचं सेटिंग आईच्या कानातल्या मशीनमध्ये होतं, आणि फक्त तिथेच होतं. थोरलीने ते दुसरीकडे कधी ठेवलंच नाही. मी आहे, आई आहे, मशीन कानात आहे, मग ठेवायचं कशाला? प्रोग्रॅम ते मशीनमधून वाचायचा, बदलायचा आणि परत मशीनमध्ये लिहायचा. आज तो जे लिहिणार होता ते बिघडलेलं असणार होतं. ते सगळे रविवार एका बटणाने पुसले जाणार होते.

एक वाक्य पुरे होतं. "थांब, एक ओळ परत घालायची आहे." एवढंच. जिभेवर आलंही. तेवढ्यात तो डॉक्टरीणबाईंकडे वळला आणि हात तिच्या दिशेने करून म्हणाला, "या माझ्या मेहुणीबाई. यांचीही बरीच मदत झाली."

ते वाक्य थोरलीने गिळलं.

मग तिला सुचलं ते असं, की स्वतःच्याच हुशारीवर ती खूष झाली. दोन्ही साधतील. आईचं सेटिंग मशीनमधून प्रोग्रॅममध्ये आलंय, आता प्रोग्रॅमला थेट हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायची आणि त्याची एक नक्कल आपल्याजवळ घेऊन ठेवायची. मग होऊ दे काय व्हायचं ते. त्याची अब्रू गेली की आपण शांतपणे उठायचं आणि सगळ्यांसमोर आईचे कान जसेच्या तसे परत करायचे. म्हणजे कोण मदतनीस आणि कोण मालक हे न सांगता कळेल. मशीनला आवाजाची वरची मर्यादा होती. कानाला इजा होणार नव्हती. आईला घटकाभर त्रास होईल, बस्स. एवढं आईने आपल्यासाठी सोसायला काय हरकत आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पुरती नक्कल घ्यावी तर पडदा अडकणार. भिंतीवर आईच्या कानाची लहर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नाचत होती; ती थबकली असती तर इस्त्रीने लगेच विचारलं असतं, काय झालं? म्हणून तिने छोटी, झटपट ओळ टाइप केली. नक्कल घे, नाव दे 'जुनी'. पडद्यावरची लहर तसूभरही हलली नाही. थोरलीने खिडकी मिटली आणि मागे टेकून बसली.

पहिली चाचणी झाली. आईने मान हलवली, छान. पूर्ववत. दुसरी. पूर्ववत. "आता पहिल्यासारखं ना आई?" त्याने विचारलं.

"पहिल्यासारखं नाही हो. जरा चढंच वाटतंय."

"सवयीने वाटतं तसं," तो डॉक्टरांकडे बघून हसला आणि पुन्हा दाबलं. आईच्या कपाळावर आठी आली. धाकटी पुढे सरकली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होऊ लागल्या होत्या, पण थांबेल तो इस्त्री कसला? घडी मोडेल ना! त्याने आणखी एकदा 'पूर्ववत' दाबलं आणि आणखी एकदा चाचणीवर बोट नेलं.

थोरलीला मोजायची गरज नव्हती. आता काय होणार हे तिला माहीत होतं. तिने हळूच कानांवरचे हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले.

शिट्टी अशी फुटली की टेबलावर पडलेल्या हेडफोनमधूनही ती खोलीभर ऐकू आली. आई किंचाळली. दोन्ही हातांनी कानांतली मशीनं उपसून तिने टेबलावर टाकली. कॉफीचा कप आडवा झाला आणि कॉफी डॉक्टरीणबाईंच्या कागदांवर गेली. इस्त्री 'पूर्ववत' दाबत होता, दाबत होता, दाबत होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून एकही गुळगुळीत शब्द बाहेर पडत नव्हता.

"का झालं असं?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"ते... म्हणजे... बघावं लागेल."

"प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय ना?"

त्याने थोरलीकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. थोरलीने हात जुळवून मांडीवर ठेवले आणि नजर खाली केली. माझी काय, नुसती मदत. एवढं सुख तिला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. ते तिने घोट घोट घेतलं.

डॉक्टर गेले. जाताना "पुन्हा कधी बघू," म्हणाले, आणि ते कधी म्हणजे कधीच नाही हे दारातल्या कुंडीलाही कळलं असतं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती कुणाशी न बोलता कॉफी पुसायला फडकं आणायला निघून गेली. इस्त्री भिंतीला टेकून उभा राहिला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

आता थोरली उठली. याच क्षणासाठी तर तिने इतका दम धरला होता.

"आईचं मी बघते," ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशी. "माझ्याकडे जुनं सेटिंग आहे. कुणीतरी घेऊन ठेवायला नको का?"

तिने काळी खिडकी उघडली. 'जुनी' मागवली. डावा कान, आकडे. उजवा कान, आकडे. ती वाचू लागली आणि मध्येच थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वर भिंतीवर बिघडलेलं सेटिंग अजून तसंच होतं. डावीकडचे आकडे आणि उजवीकडचे आकडे तिने एकेक करून ताडून पाहिले. एकाचाही फरक नव्हता.

 घाईत तिने घेतलेली नक्कल वरवरची होती. आतला डावा कान तोच, उजवा कान तोच.

मागे त्याची चाहूल लागली. तो तिच्या खांद्यावरून पडदा वाचत होता. एवढा हुशार तिनेच केला होता त्याला. एका नजरेत समजलं.

"जुडगा नवा," तो हलकेच म्हणाला, "खोल्या त्याच."

तिने घाईघाईने खिडकी मिटली.

"म्हणजे ताई, तुम्हाला आधीच माहीत होतं." हा प्रश्न नव्हता. थोडं थांबून तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजाला पुन्हा इस्त्री बसली होती, "मदत करू?"

तिला त्याचा गळा धरावासा वाटला. ती वळली ती आईकडे. कसं सांगायचं, काय सांगायचं? सांगायला काही नको होतं खरं तर; आईला काही ऐकूच येत नव्हतं. 'मशीन बिघडलं' एवढं कागदावर लिहून दाखवलं असतं तरी भागलं असतं. तिने चेहरा सावरला आणि ओठ मोठे हलवत म्हणाली, "मशीन बिघडलं, आई."

आई तिच्याकडे बघत होती. ज्या माणसाला कमी ऐकू येतं त्याच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, हे थोरलीला इतकी वर्षं माहीत होतं, आणि नेमकं आजच ती विसरली होती.

"शिट्टीच्या आधी तू हेडफोन काढलेस," आई म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिने ते खूप मोठ्याने म्हटलं. फडकं घेऊन दारात आलेली धाकटी तिथेच उभी राहिली. "तुझे कान तेवढे वाचवलेस."

थोरलीने मान हलवून नाही म्हणायचं ठरवलं होतं. मान हललीच नाही.

आईने टेबलावरची मशीनं उचलली. त्यांवरचा कॉफीचा थेंब पदराच्या टोकाने नीट पुसला. थोरलीने हात पुढे केला, दर रविवारी करायची तसाच, तळवा वर करून. आईने त्या हाताकडे पाहिलं आणि मशीनं जावयापुढे धरली.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "जमेल तसं बघा."

तो खुर्चीवर बसला. थोरली बाजूला झाली. त्याने आधी उडवलेली ओळ परत लिहिली, मग मशीनमधलं जे होतं नव्हतं ते पुसून कारखान्यातून येतं तसं साधं सेटिंग मागवलं. त्याला हात लावायच्या आधी त्याने पुरती नक्कल घेतली. पडदा अडकला. सगळे थांबले. या खेपेला त्याने कपाळाला आठी घातली नाही.

मशीनं आईच्या कानात गेली. आई डोळे बारीक करून खोलीतली घरघर ऐकत राहिली, जुन्या सवयीने मान जराशी तिरकी करून. थोरली तिच्या मागे, खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. 

"आई," ती म्हणाली.

आईने मागे न बघता हात वर केला आणि विचारलं, "कोण? धाकटी का?"